‘कळवितो’ या शब्दाची मुदत

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेकरिता काही लिहून द्यावे, असे चिटणीस महाशयांनी सुचविले, तेव्हा बाजारभाव, साठवण किंवा बाजार समितीचे नियम यांविषयी आमच्याकडून काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. बेळगावच्या घाऊक धान्यबाजारात आमची चाळीसांहून अधिक वर्षे गेली. ज्वारी, तूर आणि गहू यांच्या पलीकडचे लिहिण्याचा अधिकार मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास कितीसा असणार? तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत भाव विचारण्याच्या निमित्ताने पेढीवर येऊन बसणाऱ्या सभासद बंधूंच्या बोलण्यात एक गोष्ट इतक्या वेळा आली की, ती सोडून भावाविषयी लिहिणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटू लागले. मुलगा शिकला, पुण्यास किंवा बंगळूरास मुलाखत देऊन आला, मुलाखत उत्तम झाली, ‘कळवितो’ म्हणाले. आणि त्यानंतर काही नाही. होकार नाही, नकारही नाही. घरातील माणसे मुलाच्या तोंडाकडे पाहतात आणि मुलगा मोबाइलकडे पाहतो.

या मौनाचे काय करावे, हा प्रश्न आम्हांस विचारला जातो याचे प्रथम नवल वाटले. नोकरी आम्ही कधी केली नाही. परंतु विचार करता असे दिसून आले की, न आलेल्या उत्तराचे काय करावे हे व्यापाऱ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. आपला निम्मा जन्म त्यातच जातो.

‘कळवितो’ हा शब्द आपल्या पेढ्यांवर फार जुना आहे आणि एके काळी त्यास पत होती. आमचे तीर्थरूप सूर्यास्तापूर्वी जेवीत आणि जेवणापूर्वी टपाल निकालात काढीत. विजापूर, गुलबर्गा, सांगली येथील अडत्यांची पत्रे दुपारपर्यंत येत, तातडीचे असेल तर तार येई, आणि उत्तर हवेच असेल तर उत्तराचे पैसे आधी भरलेली जबाबी तार येई. सौदा जमणार नसेल तर तसे कार्ड त्याच संध्याकाळी जाई. अजून मन ठरलेले नसेल तर ‘तूर्त काही सांगता येत नाही, गुरुवारी कळवितो’ असे कार्ड जाई, आणि गुरुवारी दुसरे कार्ड जाई, मग त्यात ‘जमत नाही’ एवढेच दोन शब्द का असेनात. जबाबी तारेला उत्तर न देणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे खाणे, असे ते म्हणत. तारखाते १५ जुलै २०१३ पासून बंद झाले. कार्डे आता कोणी लिहीत नाही. आज निरोप क्षणात पोहोचतो. पूर्वी उत्तर यावयास आठ दिवस लागत, पण ते येई.

यात तीर्थरूपांच्या स्वभावाचा भाग थोडा आणि धंद्याच्या रीतीचा भाग मोठा होता. व्यापारातील कोणताही व्यवहार घ्या, त्यातील मौनाला मुदत ठरलेली आहे. कापडाच्या आणि सराफीच्या धंद्यातील बंधूंना जाकड माल नवीन नाही. पसंत पडल्यास ठेवावा, न पडल्यास परत करावा, अशा बोलीने माल नेला जातो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याने यावर स्पष्ट सांगून ठेवले आहे की, ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरली नसेल तर वाजवी काळात, नापसंतीचे न कळविता माल ठेवून घेतला तर तो माल घेणाऱ्याचा झाला. त्याने किंमत द्यावी. हुंडीचेही तसेच. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा असा की, हुंडी सकारावी की नाही याचा विचार करण्यास ज्याच्यावर ती लिहिली आहे त्याने वेळ मागितला, तर त्याला सुट्टीचे दिवस वगळून ४८ तास द्यावेत. तेवढ्यात सकारली नाही तर ती नकारली गेली, आणि हुंडी बाळगणाऱ्यास पुढची वाट मोकळी झाली. सरकारदरबारी मौनाची परंपरा किती थोर आहे हे आपण सारेच जाणतो. परंतु २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तेथेही ३० दिवसांची मर्यादा घातली आणि तोपर्यंत उत्तर न आल्यास अर्ज फेटाळला असे समजावे, म्हणजे अर्जदारास अपिलात जाता येते, असे ठरवून दिले.

जाकडीतील मौन म्हणजे होकार आणि हुंडीतील मौन म्हणजे नकार. अर्थ निराळे आहेत, पण एका ठरावीक दिवशी मौनाला काही ना काही अर्थ येतो. मुलाखतीचे तसे नाही. आपल्या देशात खासगी मालकाने उमेदवारास निकाल कळविलाच पाहिजे असा कायदा नाही. मुलगा जाकडीवर गेलेल्या मालासारखा कंपनीच्या कपाटात पडून राहतो. तो परतही येत नाही आणि त्याची किंमतही होत नाही.

आमच्या कनिष्ठ बंधूंच्या चिरंजीवाचीच हकिकत सांगतो. (नाव न घालण्याच्या अटीवर त्याने परवानगी दिली आहे.) एम.कॉम. झालेला, येथेच एका कारखान्याच्या हिशेबखात्यात चार वर्षे काढलेला, सरळ मुलगा. बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीत त्याने अर्ज केला. संगणकावर परीक्षा झाली, पडद्यावर दोन मुलाखती झाल्या, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये समक्ष बोलावणे आले. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून तो गेला, दिवसभर तेथे बसला आणि त्याच गाडीने परतला. परतला तो आनंदात. पगार किती अपेक्षित, किती दिवसांत रुजू होता येईल, असे सारे विचारून झाले होते. मागील पगाराचे कागदही मागून घेतले होते. ‘पुढील आठवड्यात कळवितो,’ असे निरोप देताना सांगितले होते.

आमच्या भावजयीने त्याची कपड्यांची बॅग भरून कपाटावर ठेवली.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. बॅग कपाटावरच. जेवताना मोबाइल ताटाशेजारी. रात्री उशिरा ई-मेल पाहण्याची सवय लागली, जणू काही कंपनीचे अधिकारी मध्यरात्री पत्रे लिहिणार होते. या अवधीत दुसरीकडे एकही अर्ज त्याने केला नाही. कारण ‘तिकडचे झाले तर?’ सांगलीकडील एक स्थळ आले होते, त्यांनीही नोकरीचे कळल्यावर पाहू म्हणून बोलणे थांबविले. बंधूंनी बंगळूरातील दूरच्या एका नातलगाकडून चौकशी करविली, तेव्हा त्या गृहस्थांनी कोणास तरी विचारून ‘जवळजवळ झाल्यासारखेच आहे’ असे कळविले. या एका वाक्याने आणखी एक महिना खाल्ला. वशिल्याने नोकरी मिळते की नाही हे आम्हांस माहीत नाही; परंतु वशिल्याने मिळालेली बातमी ही बहुधा बातमी देणाऱ्याच्या भिडेपोटी तयार झालेली असते, एवढे सांगू शकतो.

दशलक्षण पर्व आटोपल्यावर एका संध्याकाळी त्याला पेढीवर बोलावून घेतले आणि थकलेल्या खात्याविषयी दिवाणजींना विचारावे तसे विचारले. मुदत कोणती होती? किती दिवस उलटले? तगादा किती वेळा केला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला तोंडपाठ होती. तिसऱ्याचे उत्तर असे की, एकदाही नाही. मागे लागल्यासारखे दिसते, असे तो म्हणाला. मागे लागलेला माणूस गरजू दिसतो आणि गरजूची किंमत पडते.

हा समज शिकलेल्या मुलांमध्ये सर्वत्र दिसतो म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. नोकरी हे त्याचे येणे नव्हते. ती द्यावी की न द्यावी हा सर्वस्वी देणाऱ्याचा अधिकार. पण ‘पुढील आठवड्यात कळवितो’ असे ज्या क्षणी सांगितले गेले त्या क्षणी उत्तर हे त्याचे येणे झाले, आणि येणे मागण्यात कमीपणा तो कसला? तगादा करणारा याचक नव्हे. फक्त तगाद्याची रीत आली पाहिजे. रागाने केलेला तगादा गिऱ्हाईक तोडतो, आणि रडून केलेल्या तगाद्याने पत जाते. खातेवहीतील नोंद वाचून दाखवावी तसा तो असावा.

मसुदा आम्ही मराठीत सांगितला, इंग्रजी त्याने केले. ‘अमुक तारखेस अमुक जागेसाठी माझी समक्ष मुलाखत झाली. निर्णय एका आठवड्यात कळविण्यात येईल असे सांगण्यात आले होते. निर्णय झाला असल्यास कळवावा. झाला नसल्यास तो केव्हापर्यंत अपेक्षित आहे तेवढे कळवावे. या जागेविषयी माझी इच्छा कायम आहे.’ एवढेच. त्याने प्रारंभी ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ असे घातले होते आणि शेवटी ‘आतुरतेने वाट पाहत आहे’ असे. दोन्ही आम्ही खोडविले.

आठ दिवस काही आले नाही. दुसरे पत्र आम्ही दुसऱ्या दारी पाठविण्यास सांगितले. म्हणजे मनुष्यबळ विभागातील ज्या बाईंशी आजवर पत्रव्यवहार झाला त्यांना, आणि त्याबरोबर ज्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष प्रश्न विचारले त्यांनाही. दुकानात नोकर बदललेला असतो आणि आपण जुन्याच्या नावाने बिले पाठवीत राहतो, असे आपल्याकडे होते. मोठ्या कंपनीत ते का होऊ नये? या पत्रात एक वाक्य अधिक होते: ‘दि. १५ ऑक्टोबरपर्यंत आपणांकडून काही न आल्यास आपण अन्य व्यवस्था केली असे समजून मी पुढील विचार करीन.’ धमकी म्हणून ते लिहिले नव्हते. कंपनीला त्याची काय मातब्बरी? ते वाक्य कंपनीपेक्षा त्या मुलासाठी होते. ज्या मौनाला कोणी मुदत घातली नव्हती त्याला त्याने स्वतः मुदत घातली. मधल्या दिवसांत, आठवड्याच्या मध्यावर, कचेरीच्या वेळेत एक फोन करावा असेही सांगितले. तो त्याने केला, कोणी उचलला नाही.

१६ ऑक्टोबरला त्याने आईला सांगून बॅग खाली काढली.

खाते बंद करणे याचा अर्थ पान फाडणे असा आपण कधी करीत नाही. बुडीत खाती टाकलेली रक्कम दहा वर्षांनी घेऊन कोणी आला तर आपण ती परत पाठवीत नाही, जमा करतो. तसेच हे. पुढे त्याच कंपनीचे बोलावणे आले असते तर त्याने अवश्य जावे असेच आमचे मत होते. फक्त ते येईल या हिशेबावर घरातील एकही गोष्ट उभी ठेवू नये. त्या दिवसानंतर त्याने महिन्याभरात सात ठिकाणी अर्ज केले. डिसेंबरात कोल्हापूरच्या एका कारखान्यात तो रुजू झाला. बंगळूरहून उत्तर आले ते या वर्षी फेब्रुवारीत, मुलाखतीनंतर आठव्या महिन्यात. ‘प्रिय उमेदवार’ असा मायना, कोणाची सही नाही, आणि या ई-मेलला उत्तर पाठवू नये अशी तळटीप.

असे का होते, याची आम्ही जाणत्यांकडे चौकशी केली. दुष्टपणा हे कारण फार थोड्या ठिकाणी असते. पुष्कळदा जागाच रद्द झालेली असते, किंवा खर्चाची मंजुरी वर कोठे तरी अडकलेली असते, आणि ‘मंजुरी नाही’ असे लिहून देण्याचा अधिकार खालच्या माणसास नसतो. दुसरे कारण आम्हांस आपल्या धंद्यातील एका युक्तीसारखे वाटले. अनेक कंपन्यांतून नोकरी सोडताना ९० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. पहिल्या पसंतीच्या उमेदवारास नेमणूकपत्र दिले, तरी तो प्रत्यक्ष येईपर्यंत तीन महिने जातात, आणि त्या तीन महिन्यांत तो दुसरीकडे वळणार नाही याची खात्री नसते. म्हणून दुसऱ्या पसंतीच्या मुलास ना हो ना नाही करून राखून ठेवतात. आपणही काय करतो? गव्हाच्या दोन वानग्या आल्या तर एक सौदा पक्का करतो आणि दुसरी वानगी, पहिला ट्रक गोदामाशी लागेपर्यंत, खणात टाकून ठेवतो. फरक इतकाच की, खणातील वानगीला घर नसते, आई नसते आणि तिचे लग्न जमावयाचे नसते.

तेव्हा मौन म्हणजे आपल्यात काही खोट आहे, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये. वानगी परत येते ती दर वेळी गहू वाईट म्हणून येते असे नाही. पुष्कळदा घेणाऱ्याचे गोदाम भरलेले असते. उलट, ‘पगार विचारला, कागद मागितले’ यावरून होकार गृहीत धरणेही तितकेच चुकीचे. भाव विचारणारे सारेच माल उचलीत नाहीत. नेमणूकपत्र हाती येईपर्यंत असलेली नोकरी सोडू नये, हाती आलेले दुसरे काम नाकारू नये, आणि दुसरे काम आलेच तर पहिल्या ठिकाणी तसे सरळ, तारखेसह कळवावे. कित्येकदा अशा पत्रालाच उत्तर येते. नेमणूकपत्रही शेवटचे नव्हे. २०२२ साली पदवी घेतलेल्या पुष्कळ मुलांना मोठ्या संगणक कंपन्यांची नेमणूकपत्रे खिशात असताना रुजू होण्याच्या तारखेसाठी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले, हे वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. आणि सर्वांत सोपी गोष्ट, जी कोणी करीत नाही: मुलाखत संपून उठताना ‘निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल, आणि न कळल्यास मी कोणाकडे चौकशी करावी?’ असे तेथेच विचारून घ्यावे. बाजारात ‘हा भाव किती वाजेपर्यंत?’ हे विचारल्याशिवाय आपण दलालास सोडतो काय?

आईबापांनी रोज संध्याकाळी ‘काही आले का?’ हे विचारणे बंद करावे, हेही याच ठिकाणी लिहून टाकतो. आले तर तो सांगेलच.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर वाचणाऱ्यांना ते गोड लागले असते. दोष बंगळूरच्या कंपन्यांचा, आणि शहाणपण आपले. परंतु हे लिहिताना एक गृहस्थ सारखे डोळ्यांपुढे येत होते, आणि त्यांच्याविषयी न लिहिता वरील मजकूर छापणे योग्य नव्हे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आमच्या जुन्या दिवाणजींना संगणकावरील विवरणपत्रे झेपेनात. पेढीवर एक जाणकार मुलगा हवा होता. महिन्याच्या मध्यास पाच जणांना बोलाविले. त्यांतील एक खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या बसने आलेला बी.कॉम. मुलगा आम्हांस आवडला. अक्षर सुरेख, बोलणे मोजके. ‘दोन दिवसांत कळवितो,’ असे आम्ही त्यास सांगितले. दोन दिवसांत एका दलाल मित्राने आपल्या भाच्याचे नाव काढले. भिडेखातर आम्ही भाच्यास ठेवून घेतले. पण तो टिकेल की नाही याची खात्री नसल्याने खेड्यातील मुलास काहीच कळविले नाही. त्याचे दोन फोन आले. एकदा ‘अजून ठरले नाही’ असे सांगविले आणि दुसऱ्यांदा घेतला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस, भर पावसात, त्याचे वडील आले. शेतकरी माणूस. छत्री बाहेर टेकवून, वहाणा काढून, ओलाव्याने गादी खराब होईल म्हणून उंबऱ्याच्या आत न येता उभे राहिले. ‘शेटजी, पोराचं काय झालं तेवढं सांगा. नाही म्हटलं तरी चालेल,’ ते म्हणाले. ‘गावाजवळच्या सोसायटीत त्याला लिहिण्याच्या कामाला बोलावलं होतं. शेटजींनी शब्द दिलाय म्हणून त्यानं नाही सांगितलं. आता ती जागाबी भरली.’ आम्ही म्हणालो, ‘अजून विचार चालू आहे.’ आमच्या उजव्या हाताला, तीन फुटांवर, दलालांचा भाचा संगणकावर बिले करीत बसला होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले, ‘बरं’ म्हणून छत्री उचलली आणि निघून गेले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी क्षमावणी आली. आम्ही शेकडो लोकांस ‘जाणता-अजाणता झालेल्या अपराधांची क्षमा असावी’ असे निरोप पाठविले. ज्यांचा अपराध जाणून केला होता त्यांचा फोन वहीत होता. त्यांस पाठविला नाही. पुढील वर्षी गाव शोधीत आम्ही गेलो. मुलगा तोपर्यंत गोव्यास एका हॉटेलच्या हिशेबखात्यात लागला होता. वडिलांनी चहा दिला आणि भाताविषयी बोलत राहिले. तो विषय त्यांनी काढला नाही आणि आम्ही काढला तेव्हा ‘असू द्या’ म्हणाले.

‘शब्द दिलाय’ हे त्यांचे शब्द आम्हांस अद्याप टोचतात. आम्ही शब्द दिला नव्हता, ‘कळवितो’ एवढेच म्हटले होते, असा बचाव आम्ही त्या वेळी मनाशी केला. परंतु त्या मुलाने पेढीकडे पाहून ‘कळवितो’ याचा अर्थ जो केला तोच आमच्या तीर्थरूपांच्या वेळी बाजार करीत असे. चूक त्याची नव्हती. आमच्या शब्दाची पत कमी झालेली होती आणि ती बातमी त्याच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती.

सभासद बंधूंचे यावरील आक्षेप आम्ही ऐकले आहेत. एक असा की, जाहिरात दिली तर अर्ज शंभर येतात. सर्वांस उत्तरे कोण लिहीत बसणार? शंभरांस लिहावे असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना समोर बसविले, त्यांचे बसभाडे आणि एक दिवस खर्च करविला, तेवढ्यांस लिहावे. ते चार-पाचच असतात. दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. तोंडावर नाही म्हटल्याने माणूस दुखावतो, गावात वाईटपणा येतो, म्हणून न कळविणे हीच सभ्यता. स्थळांच्या बाबतीत आपले वाडवडील याहून शहाणे होते. मुलगी पसंत नसेल तर ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप आठ दिवसांत जाई. पत्रिका पाहिलीही नसेल. पण कोणाचा मान जात नसे आणि मुलीच्या बापास दुसऱ्या गावी जाण्यास मोकळीक मिळे. नकाराला असे मऊ वस्त्र आपल्याच घरात शिवलेले असताना ते नोकरीच्या बाबतीत आपण का वापरीत नाही? तिसरा आक्षेप खरा आहे: मुलेही तशीच वागतात. सोमवारी येतो म्हणून सांगतात आणि सोमवारी फोन बंद. आमच्याकडेही दोघांनी असे केले. त्यांना वळण लावणे त्यांच्या आईबापांकडे, आणि त्या आईबापांपैकी बरेच हे वाचीत आहेत.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून असा नियम अमलात आणला आहे की, २५ किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळविले पाहिजे. आमची एक भाची तिकडे असते, तिच्याकडून हे प्रथम कळले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सरकारला कायदा करावा लागतो हे वाचून हसू आले. मग आपल्याकडे तोही नाही हे आठवले. आपल्या बहुतेक पेढ्यांवर २५ माणसे नाहीत, तेव्हा उद्या येथे तसा कायदा झाला तरी आपण त्यातून सुटू. म्हणूनच हे काम संघाने करावे असे आम्हांस वाटते.

आमच्या पेढीवर गेल्या चार वर्षांपासून उमेदवारांची एक वेगळी वही आहे. मुलाखतीस आलेल्याचे नाव, त्याला सांगितलेली तारीख, आणि त्या तारखेस गेलेले उत्तर, असे तीन रकाने. तिला आमचे नवे दिवाणजी थट्टेने ‘जाकड वही’ म्हणतात. तिच्यात आजवर १९ नावे आहेत. तिसरा रकाना एका ठिकाणी दोन दिवस उशिरा भरलेला आहे, तो आमच्या आजारपणातला. ज्यांना नकार गेले त्यांतील कोणी भांडावयास आला नाही. एकजण दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज घेऊन आला आणि आज तोच गोदाम सांभाळतो.

येत्या वार्षिक सभेपुढे मांडण्यासाठी आम्ही एक ठराव लिहून दिला आहे. ‘संघाच्या सभासदांनी मुलाखतीस समक्ष बोलाविलेल्या प्रत्येक उमेदवारास त्याच वेळी निर्णयाची तारीख सांगावी, आणि त्या तारखेपर्यंत होकार, नकार अथवा नवी तारीख यांपैकी एक लेखी कळवावे. नवी तारीख एकदाच देता येईल.’ दंड वगैरे काही सुचविलेला नाही. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा हे लिहीपर्यंत कोरी आहे. तीन सभासद बंधूंना आम्ही समक्ष भेटून विचारले, आणि तिघांनीही ‘विचार करून कळवितो’ असे सांगितले आहे. त्यांना आम्ही सभेच्या आदल्या दिवशीच्या सायंकाळपर्यंत मुदत दिली आहे.